रोज थोडे वाचावे

बायांनो, भावांनो, साक्षरतेचा वर्ग संपला. अक्षरे ओळखीची झाली, जोडाक्षरेही हळूहळू लागू लागली. पण शेत एक साल पडीक ठेवले तर त्यात हराळी माजते. अक्षरांचेही तसेच आहे. चार-सहा महिने वाचले नाही, तर शिकलेले विसरते. म्हणून रोज काहीतरी वाचायला हवे. ख्रिस्ती घरात पवित्र शास्त्र बहुधा असतेच. तेच घ्यावे.

आता ते असते कुठे? पुष्कळ घरांत फडक्यात बांधून पेटीत. त्याने मान राखला जातो, वाचन मात्र होत नाही. पुस्तक हाताशी येईल अशा फळीवर किंवा कोनाड्यात ठेवा. त्यात खुणेचा दोरा घाला. वेळही बांधून घ्या. सकाळी चहा उकळेपर्यंत म्हणा, नाहीतर रात्री भांडी घासून झाल्यावर म्हणा. 'सवड मिळाली की वाचू' म्हणणाऱ्याला सवड मिळाल्याचे मी पाहिलेले नाही.

पुष्कळ लोक पहिल्या पानापासून सुरुवात करतात. उत्पत्तीचे पन्नास अध्याय गोष्टींच्या ओढीने निघून जातात. निर्गमाचे चाळीस कसेबसे होतात. मग लेवीय येते. त्यात होमबलींचे आणि अन्नार्पणांचे नियम. तिथे नव्याचे नऊ दिवस संपतात. कोणी नवा करार उघडतो, तर मत्तयाच्या पहिल्याच अध्यायात सतरा वचने वंशावळीची. अवघड नावे वाचता वाचता नवशिका घाबरून जातो. त्यात त्याचा दोष नाही. नवशिक्याने मार्कापासून आरंभ करावा. चार शुभवर्तमानांत तेच सर्वांत लहान, सोळाच अध्यायांचे. वंशावळ नाही. पहिल्याच अध्यायात जाळी टाकणारे कोळी भेटतात, चौथ्यात बी पेरणारा शेतकरी.

आमच्या वर्गात एक आजी होत्या. साठीच्या पुढच्या. त्यांनी तेविसावे स्तोत्र, ते मेंढपाळाचे, उघडले आणि ओळींवरून बोट फिरवीत धडाधड म्हटले. सगळे म्हणाले, "आजी वाचायला लागल्या!" मी पान उलटून दुसरे स्तोत्र पुढे केले. बोट जागीच थांबले. स्तोत्र त्यांना लहानपणापासून ऐकून पाठ होते. त्या वाचत नव्हत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. चारचौघांत मी असे करायला नको होते. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या, आणि म्हणाल्या, "मास्तर, पाठ नाही ते द्या."

मार्क दिला. पहिल्या दिवशी चार वचने झाली. अध्याय पुरा करायचा हट्ट धरू नये. पहिलाच अध्याय पंचेचाळीस वचनांचा आहे. वचनांना आकडे आहेत, त्यांचा उपयोग करा. आज दहाव्यावर थांबलात, तर उद्या अकरावे. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचू नका. थकवा येतो, आणि मग तिसरा दिवसही चुकतो. सुगीच्या दिवसांत दोनच वचने वाचा. ऊसतोडीला जाणाऱ्यांनी सुट्या शुभवर्तमानाची छोटी पुस्तिका न्यावी. जाड ग्रंथ बिऱ्हाडात भिजतो.

हिशोबही सांगतो. चारही शुभवर्तमानांचे मिळून एकूणनव्वद अध्याय आहेत. रोज एक म्हटला तर तीन महिने. सगळे पवित्र शास्त्र ११८९ अध्यायांचे. रोज एक धरला तर सव्वातीन वर्षे. घाई कशाला?

मार्कानंतर ११९वे स्तोत्र मला फार आवडते. तेच सर्वांत लांब, १७६ वचनांचे. नाव काढताच लोक पळतात. पण मूळ इब्री भाषेत त्याची रचना अक्षरांवर आहे. इब्री मुळाक्षरे बावीस. प्रत्येकाची आठ वचने, आणि ती आठही त्याच अक्षराने सुरू होतात. आपल्याकडे क, ख, ग घेऊन करावे तसे. मराठीत ती अक्षरे उतरत नाहीत, पण आठाआठांचे गट राहतात. रोज एक गट, बावीस दिवसांत स्तोत्र पुरे. आणि विषय तोच, देवाच्या वचनाची ओढ.

भाषा जड वाटते, ही तक्रार खरी आहे. पंडिता रमाबाईंना हे ठाऊक होते. साध्या बायाबापड्यांना कळावे म्हणून त्या इब्री व ग्रीक शिकल्या आणि स्वतः मराठी भाषांतर केले. केडगावच्या मुक्ति सदनातील बायकामुलींनीच ते छापले. रमाबाई १९२२ साली वारल्या. ग्रंथ १९२४ साली बाहेर आला. आज सोप्या मराठीतली भाषांतरे दुकानात मिळतात, मोबाइलवरही मिळतात. अडलेल्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मारा आणि पुढे चला. रविवारी पाळकांना किंवा शिकलेल्या नातवाला विचारा.

आजींना मार्क संपवायला पावसाळा आणि हिवाळा लागला. मग त्या आपल्या तेविसाव्या स्तोत्राकडे परत आल्या. सहाच वचने. या वेळी बोट सावकाश चालले आणि मध्येच थांबले. इतकी वर्षे एक शब्द त्या चुकीचा म्हणत होत्या. तो त्यांनी मला न विचारता शोधला, आणि दोनदा मोठ्याने वाचला.