संगणकाची राखीव वीज : दोष कसा शोधावा?

वीज जातांच घरांतील दिवे विझावेत, पण मेजावरील संगणक मात्र चालू राहावा, एवढ्यासाठींच यूपीएस नांवाची पेटी घरांत आणली जाते. तिनें तासन् तास वीज पुरवावी अशी अपेक्षा नसते. हातांतलें काम जतन करून यंत्र रीतसर बंद करण्यापुरतीं पांचदहा मिनिटें मिळालीं, कीं तिचें कर्तव्य संपलें. परंतु पुष्कळ घरांत ऐन वेळीं ही पेटी एकदांच ओरडते आणि संगणकासह मुकी होते. विद्यार्थ्याचा निबंध किंवा दुकानदाराचा हिशेब क्षणांत नाहींसा होतो. मग पेटीच टाकाऊ ठरवून नवी विकत घेतली जाते. वास्तविक दोष क्रमानें शोधला, तर हा खर्च बहुधा वांचतो.

पेटीच्या पोटांत मुख्यतः तीन अंगें असतात : बॅटरी भरणारा चार्जर, वीज सांठविणारी शिशाची बॅटरी, आणि तिच्या १२ व्होल्टांपासून घरगुती दाबाची वीज बनविणारा इन्व्हर्टर. यांपैकीं सर्वांत आधीं झिजते ती बॅटरी. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८५९ सालीं शिशाचा जो घट सिद्ध केला, त्याचेंच तत्त्व तींत आहे. तिचें आयुष्य साधारणतः ३ ते ५ वर्षें. पण उष्णता ही तिची वैरीण. तपमान १० अंशांनीं चढलें, कीं आयुष्य जवळजवळ निम्म्यावर येतें. म्हणून पेटी बंद कपाटांत अथवा उन्हांत ठेवूं नये.

शोधाचा आरंभ भिंतीपासून करावा. वीज असतांनाही पेटी बॅटरीवरच चालत असेल, तर त्याच सॉकेटवर दिवा लावून पाहावा. तो लागला, तर पेटीचा फ्यूज तपासावा. त्यानंतर भाराकडे वळावें. ६०० व्हीए लिहिलेली पेटी ६०० वॉट देते, हा समज चुकीचा आहे. अशा अनेक पेट्यांची मर्यादा ३६० वॉटच असते. लेझर प्रिंटर तर तिला जोडूंच नये; तापतांना तो एकदम शेंकडों वॉट ओढतो.

आतां बॅटरीची परीक्षा. पेटी रात्रभर भरूं द्यावी, संगणक काढून त्या जागीं १०० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा लावावा, आणि भिंतीवरील बटण बंद करावें. दिवा दहा मिनिटें स्थिर जळला, तर बॅटरी ठीक असून भारच अधिक आहे, असें समजावें. तो लगेच विझला, तर बॅटरी थकलेली असण्याचाच संभव अधिक.

येथें व्होल्टमापक फसवितो. थकलेली बॅटरीही स्वस्थ असतांना १२.६ व्होल्ट दाखवूं शकते. पण २०० वॉटच्या संगणकासाठीं तिला सुमारें २० अँपियर द्यावे लागतात. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध ०.१ ओह्म झाला असेल, तर आंतल्या आंतच २ व्होल्ट खर्च होतात, दाब १०.६ वर उतरतो, आणि पेटी स्वसंरक्षणार्थ बंद पडते. नव्या बॅटरीचा रोध याच्या चौथ्या-पांचव्या हिश्शाइतकाच असतो.

बॅटरी बदलतांना पेटी बंद करून प्लग काढावा, बोटांतील आंगठी उतरवावी, आणि तांबडी व काळी तार अदलाबदल होऊं देऊं नये. नवी बॅटरी त्याच व्होल्टांची व त्याच मापाची असावी. जुनी फुगलेली असेल, तर ती ओढून काढण्याचा हट्ट न धरतां कारागिराकडे न्यावी. नवी घालूनही दोष राहिला, तर तो चार्जरांत किंवा इन्व्हर्टरांत आहे. तेंही काम कारागिराचेंच, कारण प्लग काढल्यावरही आंत धोक्याचा दाब उरतो. जुनी बॅटरी कचऱ्यांत टाकूं नये. शिसें विषारी आहे, आणि भारतांत २०२२ च्या नियमांनुसार अशा बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

दिव्याची ही परीक्षा दर तीन महिन्यांनीं एकदां घेतल्यास बॅटरीचा थकवा वीज जाण्यापूर्वींच कळतो, आणि केलेलें काम सुरक्षित राहतें.