क्लाउस फोन बिस्मार्क : रणांगणातून नभोवाणीकडे

क्लाउस फोन बिस्मार्क यांचा जन्म ६ मार्च १९१२ रोजी पोमेरानिया प्रांतातील यार्खलिन या गावी झाला. हा प्रांत तेव्हा जर्मनीत होता, आज त्याचा बहुतेक भाग पोलंडमध्ये आहे. घराणे जमीनदारांचे आणि नाव सगळ्या युरोपला ठाऊक असलेले. जर्मनीचे एकीकरण घडवणारे चॅन्सलर ओटो फोन बिस्मार्क हे त्यांच्या पणजोबांच्या पिढीतले चुलत नातलग. मुलाने शेती सांभाळायची आणि वेळ आली की सैन्यात जायचे, ही त्या घराण्यांची रीतच होती. क्लाउस यांनीही शेतीचे शिक्षण घेतले, लष्करी सेवा केली आणि घरच्या शेतीवाडीचा कारभार पाहिला. १९३९ साली रूथ-आलिस फोन वेडेमायर यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले.

सोव्हिएत रशियावर स्वारी होण्याच्या तोंडावर, जून १९४१ मध्ये, जर्मन सेनेला एक आदेश मिळाला. शत्रुसैन्यातला राजकीय कमिसार हाती लागला तर त्याला युद्धकैदी न मानता गोळी घालायची, असा तो आदेश होता. आपण हे करणार नाही, असे बिस्मार्क यांनी वरिष्ठांना कळवले. पुढच्या काळात त्यांच्याविषयी जे काही लिहिले गेले, त्यात हा प्रसंग हमखास येतो आणि तो यायलाच हवा. पण चित्राची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ते अखेरपर्यंत लढत राहिले, लेफ्टनंट कर्नल झाले, रेजिमेंटचे नेतृत्व केले आणि नाइट्स क्रॉस व त्यावरील ओकची पाने हे मोठे शौर्यसन्मान मिळवले. एक गुन्हेगारी आदेश त्यांनी नाकारला, ते युद्ध मात्र नाकारले नाही. ही विसंगती त्यांनी स्वतःही झाकून ठेवली नाही, आणि म्हणूनच त्यांचे पुढचे आयुष्य अभ्यासण्याजोगे ठरते.

पत्नीच्या माहेरीही नाझी राजवटीची झळ पोहोचली होती. रूथ-आलिस यांची धाकटी बहीण मारिया हिचा साखरपुडा धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बोनहोफर यांच्याशी झाला होता. हिटलरविरोधी कटाशी संबंध असल्यामुळे बोनहोफर यांना एप्रिल १९४५ मध्ये फाशी देण्यात आली. त्या दोघांमधली तुरुंगातली पत्रे रूथ-आलिस यांनी एका सहसंपादकाबरोबर १९९२ साली प्रसिद्ध केली.

युद्ध संपले तेव्हा बिस्मार्क ब्रिटिशांच्या कैदेत होते आणि पोमेरानियातली जमीन गेली होती. वेस्टफालियात येऊन त्यांनी तरुणांमध्ये काम सुरू केले. १९४६ साली फ्लोथो येथे त्यांनी युवककेंद्र उभे केले. हिटलरच्या युवक संघटनेत घोषणा देत वाढलेल्या मुलांना आता चर्चा करायला, मतभेद ऐकून घ्यायला शिकवायचे होते. १९४९ पासून ते व्हिलिग्स्ट येथे प्रॉटेस्टंट चर्चच्या सामाजिक कार्याचे प्रमुख झाले. जवळच्या रूर खोऱ्यातल्या कोळसा-पोलाद उद्योगातले कामगार आणि मालक यांच्याशी त्यांचा नित्याचा संबंध आला. पूर्वेकडच्या गमावलेल्या जमिनींवरचा हक्क सोडून द्यावा, ही भूमिका त्यांनी उघडपणे घेतली. ज्याची स्वतःची शेतीवाडी तिकडे राहिली, त्याने हे म्हणणे सोपे नव्हते. भौतिकशास्त्रज्ञ वेर्नर हायझेनबर्ग यांच्यासह आठ जणांनी १९६१ साली तयार केलेल्या ‘ट्युबिंगेन निवेदना’वर त्यांची सही आहे. पोलंडची नवी सरहद्द मान्य करावी, असे त्यात सुचवले होते.

१९६१ सालीच ते कोलोन येथील ‘वेस्टडॉइचर रुंडफुंक’ म्हणजे डब्ल्यूडीआर या सार्वजनिक प्रसारण संस्थेचे महासंचालक झाले. ही संस्था काय आहे हे कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. नाझींनी स्वस्त रेडिओ घरोघरी पोहोचवला, प्रचारमंत्री गोबेल्स यांनी त्याचा पुरेपूर वापर केला आणि युद्धकाळात परदेशी केंद्रे ऐकणे गुन्हा ठरवले. म्हणून युद्धानंतर ब्रिटिशांनी आपल्या ताब्यातल्या भागात बीबीसीच्या धर्तीवर सरकारपासून स्वतंत्र नभोवाणी उभी केली. ह्यू कार्लटन ग्रीन हे ते काम पाहत होते. त्याच संस्थेच्या विभागणीतून १९५६ साली डब्ल्यूडीआर स्वतंत्र झाली. तिच्यावर मंत्र्याचा हुकूम चालत नसे. देखरेखीसाठी वेगळी परिषद असे आणि खर्च श्रोत्यांच्या वर्गणीतून भागे: रेडिओला महिना २ मार्क, दूरचित्रवाणीला आणखी ५. आपल्याकडेही रेडिओचे लायसन्स पोस्टातून काढावे लागे, पण आकाशवाणी सरकारचे खातेच होते.

प्रसारणाच्या या स्वातंत्र्याची कसोटीही लागली. चॅन्सलर आडेनाउअर यांनी केंद्राच्या हाती राहील अशी दूरचित्रवाणी कंपनी काढली, तेव्हा घटक राज्ये न्यायालयात गेली. २८ फेब्रुवारी १९६१ रोजी घटना न्यायालयाने निकाल दिला की प्रसारण सरकारच्या किंवा कोणत्याही एका गटाच्या ताब्यात जाता कामा नये. आपल्याकडे मात्र रेडिओलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली म्हटले आणि प्रसारभारती ही स्वायत्त संस्था प्रत्यक्षात आली ती १९९७ साली.

बिस्मार्क ना पत्रकार होते, ना तंत्रज्ञ. फ्लोथोत आणि व्हिलिग्स्टमध्ये ते जे करत होते, भिन्न मतांच्या माणसांना एकमेकांचे ऐकायला लावणे, तेच त्यांनी कोलोनमध्ये मोठ्या प्रमाणावर केले. १९६३-६४ मध्ये ते एआरडी या प्रादेशिक प्रसारण संस्थांच्या संघाचे अध्यक्ष होते. १९६४ पासून कोलोनहून तुर्की भाषेत कार्यक्रम सुरू झाले, कारण कारखान्यांत राबणारे हजारो तुर्की कामगारही श्रोतेच होते. ज्या श्रोत्याकडे बाजार फिरकत नाही, त्याच्यासाठी कार्यक्रम करणे हे सार्वजनिक प्रसारणाचे खरे काम असते, आणि तुर्की कार्यक्रम हा त्याचा चोख नमुना म्हणावा लागेल. १९६५ अखेर डब्ल्यूडीआरची तिसरी वाहिनी सुरू झाली आणि १९७१ साली मुलांसाठीचा ‘उंदरा’चा कार्यक्रम आला. वस्तू कशा बनतात हे दाखवणारा हा कार्यक्रम आजही चालू आहे.

वाद झाले नाहीत असे वर्ष क्वचितच गेले असेल. फासबिंडर या तरुण दिग्दर्शकाने डब्ल्यूडीआरसाठी कोलोनच्या कामगार कुटुंबावर मालिका केली. आठ भाग ठरले होते, पाचच प्रसारित झाले आणि मालिका थांबली. उजव्या पक्षांचे लोक संस्थेला ‘लाल नभोवाणी’ म्हणू लागले. या काळातली त्यांची कामगिरी निर्दोष नव्हती, पण संस्थेला सरकारी किंवा पक्षीय भोंगा होऊ न देण्याचे मुख्य काम त्यांनी पंधरा वर्षे निभावले. ते १९७६ साली निवृत्त झाले. त्या वेळी भारतात आणीबाणी होती आणि आकाशवाणीच्या बातम्यांत विरोधकांना जागा नव्हती.

त्यानंतर १९७७ ते १९८९ ते गोएथे इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष होते. पुण्यामुंबईत जर्मन शिकणाऱ्यांना माहीत असलेली मॅक्स म्युलर भवने याच संस्थेची. १९९२ साली त्यांनी आठवणी प्रसिद्ध केल्या. मार्च १९९५ मध्ये जर्मन सेनेच्या युद्धगुन्ह्यांवरील प्रदर्शन हॅम्बुर्ग येथे सुरू झाले. ‘सेना स्वच्छ होती, गुन्हे फक्त हिटलरच्या खास दलांनी केले’ ही अनेक माजी सैनिकांची समजूत त्या प्रदर्शनाने मोडीत काढली आणि देशभर वादळ उठले. उद्घाटनाला जे बोलले त्यांत ब्याऐंशी वर्षांचे बिस्मार्क होते, त्याच सेनेचे सन्मानित अधिकारी. दोन वर्षांनी, २२ मे १९९७ रोजी, हॅम्बुर्ग येथेच त्यांचे निधन झाले.