काव्यविद्येचा स्नातक

कवी जन्मावा लागतो, तो घडविता येत नाही, हे मत आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की, सर्जनशील लेखनात पदव्युत्तर पदवी मिळते असे ऐकताच सुबुद्ध वाचकाच्याही मुद्रेवर स्मित उमटते. गवयाने तंबोरा घेऊन गुरूपुढे बसावे, चित्रकाराने चित्रशाळेत वर्षे घालवावी, यात कोणास विपरीत वाटत नाही. लेखकाने मात्र आपण लेखन शिकलो असे म्हटले की त्याच्या प्रतिभेविषयी शंका घेतली जाते. हा पूर्वग्रह परंपरेतून आला असे समजणे चुकीचे आहे. मम्मटाने काव्याच्या हेतूंत शक्तीबरोबर निपुणता गणली आहे, आणि काव्य जाणणाऱ्यांच्या शिकवणुकीखाली केलेला अभ्यासही गणला आहे. तिन्ही मिळून एकच कारण होते, असा त्याचा आग्रह आहे.

ही पदवी ज्या स्वरूपात आज जगभर दिली जाते, ते स्वरूप अमेरिकेत सिद्ध झाले. आयोवा विद्यापीठाने 1922 साली उच्च पदवीसाठी प्रबंधाऐवजी कविता, कथा अशी स्वतंत्र रचना स्वीकारण्याचे ठरविले, आणि 1936 पासून तेथे लेखकांची कार्यशाळा नियमितपणे चालू लागली. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने 1970 साली असा एम. ए. अभ्यासक्रम सुरू केला. मराठीतून दिलीप चित्रे 1975 साली आयोवाला गेले. परंतु ते तेथील आंतरराष्ट्रीय लेखन-कार्यक्रमात सहभागी झाले होते, पदवीचे विद्यार्थी म्हणून नव्हे. या सर्व अभ्यासक्रमांचा गाभा एकच आहे : विद्यार्थ्याने लिहावे, ते सहाध्यायांसमोर ठेवावे, त्यांची चिकित्सा ऐकावी आणि पुन्हा लिहावे.

हा गाभा पाश्चात्य आहे काय? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जबलपूरसारखे दुसरे स्थळ नाही. भेडाघाटच्या वाटेवरील तेवर हे खेडे म्हणजे कलचुरींची प्राचीन राजधानी त्रिपुरी. दहाव्या शतकात येथील युवराजदेवाच्या सभेत राजशेखराची 'विद्धशालभंजिका' ही नाटिका रंगभूमीवर आली. राजशेखर यायावर कुळातला. त्याचा पणजा अकालजलद याला 'महाराष्ट्रचूडामणि' म्हटले आहे, त्यामुळे मराठी वाचकास तो दूरचा वाटू नये. त्याच्या 'काव्यमीमांसे'ची योजना अठरा अधिकरणांची होती. हाती आले ते त्यांपैकी केवळ पहिले, 'कविरहस्य', जे 1916 साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेचा पहिला ग्रंथ म्हणून प्रसिद्ध झाले. इतर साहित्यशास्त्रकार सिद्ध काव्याची मीमांसा करतात. राजशेखर काव्य करू पाहणाऱ्याच्या शिक्षणाचा विचार करतो. हा भेद मूलगामी आहे.

'कविरहस्या'त कवीचा दिनक्रम सांगितला आहे. पहिल्या प्रहरी विद्या आणि उपविद्यांचे अध्ययन करावे, दुसऱ्या प्रहरी काव्यरचना करावी, मध्याह्नीच्या भोजनानंतर काव्यगोष्ठी भरवावी. चौथ्या प्रहरी सकाळच्या रचनेची परीक्षा करावी, ती एकट्याने किंवा मोजक्या मित्रांसह. या चौथ्या प्रहराचे जे कारण राजशेखर देतो, ते आजच्या कोणत्याही कार्यशाळेच्या दारावर कोरून ठेवण्याजोगे आहे. रसाच्या आवेशात रचना करणाऱ्याची विवेचक दृष्टी जागी नसते. म्हणून मागाहून परीक्षण हवे. अधिक असेल ते काढावे, न्यून असेल ते भरावे, अस्थानी पडलेले हलवावे, विसरलेले आठवावे. अपुरी रचना कोणापुढे वाचू नये. नवी रचना एकट्या श्रोत्यास ऐकवू नये, कारण उद्या त्याने ती आपली म्हटली तर साक्ष कोणाची काढावी, हा व्यवहारी इशाराही तो देतो.

त्याने कवीच्या दहा अवस्था मानल्या आहेत. त्यांतील पहिलीचे नाव 'काव्यविद्यास्नातक', म्हणजे काव्यविद्येसाठी गुरुकुलात राहिलेला. त्यानंतर मनातल्या मनात रचून लपविणारा, दोषाच्या भयाने आपली कविता दुसऱ्याची म्हणून वाचणारा, एखाद्या जुन्या कवीच्या छायेत लिहिणारा, सुटे चांगले लिहूनही प्रबंध न साधलेला, असे पायऱ्या चढत महाकवी आणि कविराज येतात. ही चित्रे इतकी ओळखीची आहेत की, कोणत्याही वर्गातल्या बाकांवर ती बसलेली दिसावीत. येथे मर्म असे की, स्नातकपद हा आरंभ आहे. पदवीने कवी होत नाही हा आक्षेप राजशेखरास नवा वाटला नसता. पदवी ही दहांतली पहिली पायरी, एवढेच तो म्हणाला असता.

त्रिपुरीच्या परिसरात हा चौथा प्रहर पुन्हा एकदा उजळला तो विसाव्या शतकात. 1956 साली जबलपुरात दोन गोष्टी घडल्या. तेथे विद्यापीठ स्थापन झाले, ज्याला 1983 मध्ये राणी दुर्गावतीचे नाव मिळाले. आणि हरिशंकर परसाई यांनी 'वसुधा' हे मासिक सुरू केले. विद्यापीठ पदव्या देऊ लागले, परंतु लेखकाची कार्यशाळा मासिकात भरली. परसाई स्वतः नागपूर विद्यापीठाचे हिंदीतील एम. ए.; शिक्षकाची नोकरी सोडून ते केवळ लेखणीवर जगले. त्यांच्याच मासिकात गजानन माधव मुक्तिबोध यांची 'एक साहित्यिक की डायरी' प्रसिद्ध होऊ लागली.

मुक्तिबोधांची मातृभाषा मराठी. ते काही काळ जबलपुरात होते. नागपूर विद्यापीठातून त्यांनी हिंदीत एम. ए. केले, आणि 1958 साली राजनांदगावच्या महाविद्यालयात प्राध्यापकपद मिळविले. त्यांचे धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत कवी, कादंबरीकार आणि समीक्षक झाले. एकाच घरातील दोन भावांनी दोन भाषा निवडल्या. आपला संस्कार किती, कोणत्या भाषेत आपण समर्थ आहोत, लोकांची रुची कोणती, हे कवीने प्रथम स्वतःस विचारावे असे राजशेखराने सांगितले आहे. जबलपूरसारख्या शहरातील मराठी तरुणापुढे हा प्रश्न आजही तसाच उभा राहतो, आणि कोणताही अभ्यासक्रम त्याचे उत्तर त्याच्यासाठी देऊ शकत नाही.

'डायरी'तील 'तीसरा क्षण' या लेखात, केशव नावाच्या मित्राशी चाललेल्या संवादातून, मुक्तिबोधांनी कलेचे तीन क्षण सांगितले. पहिला क्षण उत्कट अनुभवाचा. दुसऱ्या क्षणी तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि कल्पनारूप घेतो. तिसरा क्षण शब्दबद्ध होण्याचा. या तिसऱ्या क्षणी भाषेतील पूर्वसंचित अर्थ कवीला अडवितात, त्याच वेळी त्याला समृद्धही करतात, आणि पूर्ण झालेली कृती मूळ कल्पनारूपापेक्षा वेगळी होते. लेखन शिकविता येते की नाही, या वादाचा निर्णय येथेच लागतो. पहिला क्षण कोणतेही विद्यापीठ देऊ शकत नाही. दुसरा फार तर वाचनाने पोसला जातो. तिसरा मात्र श्रमाचा, भाषेशी झुंजण्याचा क्षण आहे, आणि श्रमाला सोबत करता येते.

प्रचलित पदव्युत्तर शिक्षण मुख्यतः ज्या शक्तीची मशागत करते, तिला राजशेखर भावयित्री प्रतिभा म्हणतो. ती आस्वादकाची, भावकाची प्रतिभा होय. रचणाऱ्याची कारयित्री प्रतिभा वर्गाबाहेर राहते. दोन्ही एकत्र आणणे हे सर्जनशील लेखनाच्या पदवीचे खरे प्रयोजन ठरेल. त्यात अडचण परीक्षेची आहे. भावक चार प्रकारचे असतात : काहीच न रुचणारा अरोचकी, गवतासकट सर्व गिळणारा सतृणाभ्यवहारी, मत्सरी, आणि तत्त्वाचा वेध घेणारा तत्त्वाभिनिवेशी. हा चौथा दुर्मीळ, असे राजशेखरच बजावतो. कार्यशाळेत सहाध्यायी परस्परांना दुखवू नये म्हणून दुसऱ्या प्रकारचे होतात, परीक्षक पहिल्या प्रकारचा. शिवाय जुन्या कवीच्या छायेत लिहिण्याची अवस्था शिक्षकाच्या छायेत लिहिण्यात कायमची मुरण्याचा धोका आहेच.

म्हणून अशी पदवी घेऊ पाहणाऱ्याने अभ्यासक्रमाची कीर्ती पाहण्याआधी तेथील भावक पाहावा. सुभद्राकुमारी चौहान यांनी जबलपुरात कोणत्याही विद्यापीठीय पदवीवाचून कविता लिहिली, आणि ती हिंदी भाषिकांच्या ओठांवर राहिली. पदवीवाचून अडत नाही, याचा तो पुरावा आहे. परंतु चौथ्या प्रहरावाचून अडते. तो प्रहर मासिकाच्या संपादकाने द्यावा, मित्राने द्यावा की विद्यापीठाने, हा प्रश्न सोयीचा आहे. आज नियतकालिके विरळ होत असताना तो देण्याची जबाबदारी विद्यापीठांकडे येत असेल, तर त्यांनी ती पदवीच्या मोबदल्यात पार पाडण्यात वावगे काही नाही. मात्र स्नातकाने पुढच्या नऊ अवस्थांचा विसर पडू देऊ नये.