आतड्याच्या सरहद्दीवरील विषाणू

मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा विषय निघाला की आहार, वय आणि आनुवंशिकता यांचाच ऊहापोह प्रथम होतो, आणि तो यथार्थही आहे. कारण त्या सर्वसाधारण कर्करोगाच्या मुळाशी एखादा विषाणू आहे, असे निर्विवादपणे अद्याप सिद्ध झालेले नाही. परंतु हेच आतडे जेथे संपते, त्या गुदमार्गाच्या अवघ्या काही सेंटिमीटरांत आतड्याचे श्लेष्मल अस्तर आणि त्वचेशी नाते सांगणारे अस्तर एकमेकांस भिडतात, आणि या सरहद्दीवर क्वचित उद्भवणाऱ्या कर्करोगाची हकीकत सर्वस्वी निराळी आहे. अशा दर दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ जणांच्या अर्बुदात मानवी पॅपिलोमा विषाणू आढळतो, आणि तोही बहुधा १६ क्रमांकाच्या प्रकाराचा. हा प्रकार जर्मनीत हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने गर्भाशयमुखाच्या अर्बुदातून १९८३ साली वेगळा केला. त्यांना २००८ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

विषाणू जागेवर सापडला, एवढ्याच पुराव्यावर त्याला दोषी ठरविणे शास्त्राला मंजूर नसते. येथे मात्र त्याच्या कृतीचाही छडा लागला आहे. त्याचे ई-६ हे प्रथिन, बिघडलेल्या पेशीला थोपविणाऱ्या किंवा मरणास प्रवृत्त करणाऱ्या पी-५३ या प्रथिनाचा नाश घडवून आणते, तर ई-७ हे पेशीविभाजनावरील दुसरा निर्बंध उठविते. बहुतेकांच्या शरीरातून हा संसर्ग आपोआप नाहीसा होतो; तो वर्षानुवर्षे ठाण मांडून बसला, तरच धोका. म्हणूनच एचआयव्हीबाधितांना आणि अवयवरोपणानंतर प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे घेणाऱ्यांना त्याचे भय अधिक.

या रोगावर पूर्वी गुदद्वारासह मलाशय काढून टाकावे लागे आणि रुग्णाच्या नशिबी पोटावरचे कायमचे मलद्वार येई. डेट्रॉइटचे शल्यविशारद नॉर्मन निग्रो यांनी शस्त्रक्रियेपूर्वी किरणोपचार व औषधे एकत्र दिली, तेव्हा काढलेल्या भागात कर्करोगाचा मागमूसही उरला नव्हता, असे त्यांनी १९७४ साली प्रसिद्ध केले. आज बहुसंख्य रुग्ण शस्त्रक्रियेवाचूनच बरे होतात. शल्यविशारदानेच शस्त्र अनावश्यक ठरवावे, हे मला या इतिहासातील सर्वांत उदात्त पर्व वाटते.

१६ क्रमांकाच्या प्रकारापासून संरक्षण देणारी लस आता पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही तयार होते. पात्र वयातील मुलामुलींच्या पालकांनी तिच्याविषयी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. आणि वाचकहो, शौचावाटे रक्त पडू लागले, तर भिडेपोटी त्यास मूळव्याध समजून घरगुती उपचारांत महिने दवडू नका. तपासणी करून घ्या.