बिघडलेली संगणकीय फाईल : निदान, दुरुस्ती आणि जतन

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर आपणांस :
• फाईल बिघडण्याची प्रमुख कारणे सांगता येतील.
• मजकूर नष्ट झाला आहे की केवळ चुकीचा वाचला जात आहे, हा भेद ओळखता येईल.
• दुरुस्तीचा योग्य क्रम अनुसरता येईल व आपल्या लेखनाच्या प्रती सुरक्षित ठेवता येतील.

१. प्रास्ताविक

मराठीच्या अभ्यासकाला पाठभेद आणि पाठभ्रष्टता या संज्ञा परिचयाच्या आहेत. पोथ्यांच्या नकला होत असताना शब्द गळतात, ओळी मागेपुढे होतात, कोणी पदरची भर घालतो. ज्ञानेश्वरीच्या प्रचलित पाठांत असे दोष शिरले होते. पैठणच्या एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ. स. १५८४ मध्ये, तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. लीळाचरित्राची कथा याहून बिकट आहे. महानुभाव परंपरेनुसार म्हाइंभटांची मूळ पोथी धाडीच्या काळात नाहीशी झाली आणि अनुयायांना ती स्मरणातून पुन्हा उभी करावी लागली. एकनाथांपुढे निरनिराळे पाठ तरी होते; येथे स्मरणाशिवाय आधार नव्हता.

आज आपले लेखन संगणकात असते, तरी हा प्रश्न सुटलेला नाही. समजा, मुखेड तालुक्यातील एखाद्या विद्यार्थिनीने लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी गावोगावच्या वृद्ध स्त्रियांकडून जात्यावरच्या ओव्या टिपून घेतल्या, संगणकावर टंकलिखित केल्या आणि पेनड्राइव्ह घेऊन ती छपाईसाठी गेली. तेथे फाईल उघडेना. स्वाध्याय पुन्हा लिहिता येतो. परंतु ओव्या सांगणारी आजी दरम्यान निवर्तली असेल, तर ती संहिता पुन्हा मिळत नाही. म्हणून हा विषय केवळ तंत्राचा नाही, संहितेच्या जतनाचाही आहे.

२. फाईल का बिघडते?

संगणक प्रत्येक अक्षर अंकांच्या रूपात साठवतो. या अंकांच्या एककाला 'बाइट' म्हणतात. फाईल म्हणजे बाइटांची ठरावीक क्रमाने लावलेली मालिका, आणि ती डिस्कवर कोठे आहे याची एक स्वतंत्र नोंद. मालिका तुटली किंवा नोंद हरवली, की फाईल बिघडते. याची नेहमीची कारणे पुढीलप्रमाणे :

(अ) फाईल जतन होत असतानाच वीज जाणे.
(आ) पेनड्राइव्ह 'इजेक्ट' न करता उपसणे. पडद्यावर काम संपलेले दिसले, तरी काही मजकूर अद्याप संगणकाच्या स्मृतीतच असू शकतो.
(इ) डिस्क किंवा पेनड्राइव्ह जीर्ण होणे.
(ई) फाईल पाठवताना किंवा उतरवून घेताना जोडणी तुटणे.
(उ) संगणकीय विषाणू.

३. मराठी मजकुराचे निदान

फाईल उघडते, पण मराठी दिसत नाही, हा अनुभव आपणांपैकी अनेकांना असेल. अशा वेळी पडद्यावर नेमके काय दिसते, ते लक्षपूर्वक पाहावे. चार अवस्था संभवतात.

पहिली : अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. येथे देवनागरी अक्षरे असलेला फाँट उपलब्ध नाही, एवढाच अर्थ. मजकूर सुरक्षित आहे.

दुसरी : अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांमध्ये रोमन अक्षरांच्या संकेतांवर देवनागरीचे आकार बसवलेले असत. तो फाँट नसला, की मूळ संकेत उघडे पडतात. तोच फाँट बसवावा किंवा परिवर्तकाच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा.

तिसरी : प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी दोन-तीन परकी चिन्हे. युनिकोडच्या 'यूटीएफ-८' पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. वाचणाऱ्या प्रणालीने ते तीन बाइट सुटे वाचले, की असा गोंधळ दिसतो. फाईल बदल न करता बंद करावी व उघडताना 'यूटीएफ-८' हा पर्याय निवडावा.

चौथी : सर्वत्र केवळ प्रश्नचिन्हे. ही अवस्था गंभीर आहे. देवनागरी सामावू न शकणाऱ्या पद्धतीत, उदाहरणार्थ नोटपॅडमधील 'अँसी' पर्यायात, फाईल जतन केली, की प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हच साठवले जाते. मूळ अक्षर त्या फाईलमध्ये उरत नाही. ते दुसऱ्या प्रतीतूनच मिळवावे लागते.

पहिल्या तीन अवस्थांत दोष वाचनाचा आहे, चौथीत संहितेचा. हा भेद न ओळखता घाईने 'सेव्ह' केल्यास बरी होणारी फाईलही कायमची गमावण्याचा धोका असतो.

४. दुरुस्तीचा क्रम

फाईल मुळीच उघडत नसेल, तर पुढील क्रम पाळावा.

१) त्या पेनड्राइव्हवर नवे काहीही लिहू नये. 'डिस्क फॉरमॅट करावी का?' अशी विचारणा झाल्यास होकार देऊ नये.
२) फाईलची नक्कल संगणकावर घ्यावी आणि पुढील सर्व प्रयोग नकलेवरच करावेत.
३) वर्डमध्ये 'ओपन'च्या खिडकीत फाईल निवडून 'ओपन' बटणाशेजारील बाणावर क्लिक करावे व 'ओपन अँड रिपेअर' हा पर्याय घ्यावा. न जमल्यास लिबरऑफिसमध्ये उघडून पाहावे.
४) वर्डची 'डॉक्स' फाईल ही वस्तुतः अनेक लहान फाईलींचे 'झिप' गाठोडे असते. नकलेच्या नावाचा शेवट बदलून 'झिप' केल्यास ते सोडता येते. आतील 'वर्ड' फोल्डरमधल्या 'डॉक्युमेंट' नावाच्या फाईलमध्ये मुख्य मजकूर असतो. सजावट गेली तरी शब्द हाती लागू शकतात.
५) वर्डने स्वतः ठेवलेल्या तात्पुरत्या प्रती, ई-मेलने पूर्वी पाठवलेली प्रत, छापील कागद यांचा शोध घ्यावा.

डिस्क तपासणारी आज्ञावली शेवटी वापरावी. ती प्रामुख्याने डिस्कवरील नोंदी सुधारते. गेलेला मजकूर परत आणत नाही.

मिळालेला मजकूर मूळ टिपणांशी ताडून पाहावा. गळलेली ओवी अंदाजाने पूर्ण करू नये. जागा रिकामी ठेवून तशी नोंद करावी. संहिता शुद्ध करणे आणि ती नव्याने रचणे, या भिन्न गोष्टी आहेत.

५. प्रतिबंध

कोणतीही दुरुस्ती दुसऱ्या चांगल्या प्रतीची बरोबरी करू शकत नाही. म्हणून तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी, हा नियम पाळावा : एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक ई-मेल किंवा गूगल ड्राइव्हवर. रोजच्या फाईलीला तारखेसह नवे नाव द्यावे. एकाच फाईलीवर लिहीत राहिल्यास बिघाडही प्रत्येक प्रतीत उतरतो. वर्डमधील स्वयंजतनाचा कालावधी सामान्यतः दहा मिनिटांचा असतो. जेथे वीज वारंवार जाते तेथे तो दोन-तीन मिनिटांवर आणावा. लेखन युनिकोडमध्येच करावे. प्रत घेतल्यावर ती एकदा उघडून पाहावी. आणि ओव्यांची मूळ वही टाकून देऊ नये.

६. सारांश

फाईल बिघडल्यास प्रथम निदान, मग नक्कल, त्यानंतर दुरुस्ती, हा क्रम आहे. पाठचिकित्सेप्रमाणेच येथेही निर्णायक साधन म्हणजे दुसरी प्रत. आणि ती बिघाडापूर्वीच तयार असावी लागते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१) परकी चिन्हे दिसणे व प्रश्नचिन्हे दिसणे, यांतील फरक स्पष्ट करा.
२) दुरुस्ती नकलेवरच का करावी?
३) उपक्रम : आपल्या प्रकल्पाच्या किती प्रती आज आहेत व कोठे आहेत, याची यादी करा. एकच प्रत असल्यास पुढील पाठाकडे वळण्यापूर्वी दुसरी तयार करा.