हिरव्या गाडीचा हिशेब – भाग 7 : टाकीतला ऊस, दारातला घायपात

मागच्या भागात बॅटरीवरच्या गाड्या पाहिल्या. पण रस्त्यावरच्या बहुसंख्य गाड्या पेट्रोल-डिझेलच्याच आहेत आणि त्या काही एका रात्रीत भंगारात जाणार नाहीत. त्यांचा धूर कमी करायचा तर इंधन शेतातून आणायचं, नाहीतर गाडीचं वजन उतरवायचं. आपल्याकडे बोलबाला पहिल्या वाटेचाच. साहजिक आहे, उसाला कारखाना आहे, कारखान्याला संचालक मंडळ आहे, वजनाला कोणी वाली नाही.

मळी किंवा थेट उसाचा रस यीस्टनं आंबवायचा, आसवनीत उकळायचा, पाणी जवळपास पूर्ण काढून टाकायचं, की इंधनाचं इथेनॉल तयार. ब्राझीलनं 1973च्या तेलसंकटानंतर, 1975 साली, हा मार्ग धरला. 1979 मध्ये तिथं निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट 147 आली. आपल्या पंपांवर आता 20 टक्के मिश्रणाचं, म्हणजे ई-20, पेट्रोल सर्रास मिळतं.

उसानं हवेतून घेतलेला कार्बनच जळताना हवेत परत जातो, म्हणून हे इंधन स्वच्छ मानतात. खतं, पंपाची वीज आणि वाहतूक यांचा धूर मात्र या फायद्यातून वजा करावा लागतो. शिवाय पाणी! नीती आयोगाच्या 2021च्या आराखड्यात उसापासूनच्या एक लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी धरलं आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला या आकड्याचा अर्थ सांगायला नको. 2022 मध्ये पानिपतला इंडियन ऑइलचा भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प सुरू झाला, पुण्याच्या प्राज कंपनीच्या तंत्रज्ञानावर. पेंढ्यातला सेल्युलोज फोडणं अवघड आणि महाग आहे, तरी मला ही वाट उसाच्या रसापेक्षा जास्त प्रामाणिक वाटते.

गाडीमालकाला जाणवतं ते वेगळंच. लिटरभर इथेनॉलमधली ऊर्जा पेट्रोलच्या दोन तृतीयांश. त्यामुळे ई-20 मध्ये लिटरमागे साधारण 7 टक्के ऊर्जा कमी भरते. इथेनॉलचा ऑक्टेन जास्त असल्यामुळे त्यासाठी जुळवलेलं इंजिन यातला काही भाग भरून काढतं. जुन्या इंजिनाला ते जमत नाही.

आता वजनाकडे येऊ. गाडी 10 टक्क्यांनी हलकी केली, तर इंधन साधारण 6 ते 8 टक्के वाचतं. म्हणजे इथेनॉलनं नेलेलं मायलेज हलकेपणा परत देतो. शहरात हा फायदा ठळक दिसतो. सिग्नलला ब्रेक लावला की गाडीची सगळी गती उष्णता होऊन वाया जाते, आणि हिरवा दिवा लागल्यावर तेवढंच धूड पुन्हा पळवावं लागतं. द्रुतगती मार्गावर शंभरच्या वेगात मुख्य विरोध हवेचा असतो. तिथं वजनापेक्षा आकार महत्त्वाचा.

अ‍ॅल्युमिनियमची घनता पोलादाच्या जवळपास एक तृतीयांश. फोर्डनं 2015च्या एफ-150 पिकअपची बॉडी त्याची केली आणि गाडी 300 किलोपर्यंत हलकी झाली. पण खनिजातून किलोभर अ‍ॅल्युमिनियम काढायला वितळभट्टीत 13 ते 15 युनिट वीज जाते, आणि आपली बहुतेक वीज कोळशाची. भंगार वितळवलं तर साधारण 5 टक्के ऊर्जेत काम भागतं. तेव्हा धातू कुठून आला हे विचारल्याशिवाय गाडीला हिरवी म्हणू नये.

वनस्पती इथंही कामाला येतेच. बांधावर कुंपणाला लावतात त्या घायपाताचा, तागाचा किंवा जवसाच्या खोडाचा धागा पॉलिप्रॉपिलीनमध्ये मिसळून गरम दाबला, की दाराचं आतलं पॅनेल तयार होतं. काचतंतूंच्या पॅनेलपेक्षा ते हलकं असतं. जर्मन कंपन्या 1990च्या दशकापासून ते वापरताहेत. हे धागे ओल शोषतात आणि 200 अंशांच्या आसपास करपू लागतात, त्यामुळे गाडीचा सांगाडा काही त्यांचा होणार नाही. पण टाकीतला ऊस एकदाच जळतो. दारातला धागा गाडी आहे तोवर टिकतो. शेतातल्या मालाचा हा उपयोग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

गंमत अशी, की मारुती 800 साधारण 650 किलोची होती आणि आज धडाक्यानं खपणाऱ्या बहुतेक एसयूव्ही हजार किलोंच्या पुढे असतात. सुरक्षेच्या सोयींनी त्यातलं काही वजन वाढवलं, बाकीचं हौसेनं. पुढची गाडी बघायला जाल तेव्हा सनरूफच्या आधी तिचं रिकामं वजन विचारा. आणि सध्याची जुनी असेल, तर ती ई-20 साठी बनली आहे का, हे पुस्तिकेत आजच पाहून घ्या.