अचल देखाव्याची रचना : खेळण्यातील विटा आणि चौकटींचे चलच्चित्र

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने खेळण्यातील विटांविषयी लिहावे, हे काही वाचकांस विषयांतर वाटण्याचा संभव आहे. परंतु गेल्या दिवाळीत इंदापुरास आमच्या आप्तांच्या घरी जो प्रकार घडला, त्याचा उलगडा करू जाता आम्हास आपल्याच शास्त्रातील एका मूलतत्त्वाची आठवण झाली. म्हणून हा लेखनप्रपंच.

घरातील मुलांनी अंगणात किल्ला केला होता. इंदापुरात शहाजीराजांचे वडील मालोजीराजे यांची गढी आहे. तेव्हा मुलांचा किल्ला कोणता, हे निराळे सांगावयास नको. दगड, गोणपाट आणि काळी माती यांचा तो किल्ला, त्यावर पेरलेले हळीव, पायऱ्यांवर मातीचे मावळे. यंदा मात्र मुलांच्या मनात नुसता किल्ला मांडण्यापलीकडचा बेत होता. मावळ्याला किंचित पुढे सरकवावयाचे, एक छायाचित्र घ्यावयाचे, पुन्हा सरकवावयाचे, पुन्हा छायाचित्र घ्यावयाचे, आणि ती सारी चित्रे वेगाने एकामागून एक दाखवून मावळा गढी चढतो आहे असे भासवावयाचे. या पद्धतीला ‘स्टॉप मोशन’ म्हणतात. चार दिवस खपून मुलांनी काही शे चित्रे घेतली. ती चालवून पाहता मावळा चढला खरा. पण त्याच्याबरोबर सारी गढीच श्वास घेऊ लागली. माती वाळून भेगा रुंदावत होत्या, सावल्या पळत होत्या आणि हळीव तर सर्वांच्या देखत उगवत होते. धाकट्याला रडू कोसळले.

वास्तविक त्या हळिवाने एका जुन्या प्रयोगाचीच पुनरावृत्ती केली होती. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली कुंडीत वाटाणा पेरून, त्याची ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ हे लघुचित्र केले, आणि ते पाहून धनिकाचा विश्वास बसला. पुढे १९१५ च्या ‘आगकाड्यांची मौज’ या चित्रात त्यांनी निर्जीव काड्यांना हालचाल दिली. वाटाण्याच्या चित्रात अंकुराची वाढ हाच विषय होता. मुलांच्या चित्रात विषय मावळा होता. हळीव तेथे आगंतुक ठरले.

आता मूलतत्त्वाविषयी. मराठी भाषकाला ‘ताट’ आणि ‘थाट’ हे दोन शब्द भिन्न वाटतात, कारण अल्पप्राण-महाप्राण हा भेद आपल्या भाषेत अर्थभेदक आहे. इंग्रज ‘पिन’ शब्दातील पकार महाप्राणयुक्त उच्चारतो आणि ‘स्पिन’मधील अल्पप्राण, परंतु त्यामुळे अर्थ पालटत नसल्याने तो भेद त्याच्या ध्यानातही येत नाही. प्रत्येक भाषा अशा रीतीने काही भेद अर्थपूर्ण मानते आणि उरलेल्यांकडे कानाडोळा करते. चलच्चित्र पाहणाऱ्या डोळ्याजवळ ही उदारता नाही. लागोपाठच्या दोन चौकटींत जो जो भेद दिसेल, तो तो त्याला हालचाल म्हणूनच प्रतीत होतो. भेद हेतुपुरस्सर केलेला आहे की चुकून झालेला, हे तो विचारीत नाही. म्हणून देखावा उभारणाऱ्याचे खरे काम, आमच्या मते, सुंदर गढी बांधणे हे नव्हे. अनिष्ट भेद घडूच न देणे हे होय. सौंदर्य त्यानंतर.

या कामी खेळण्यातील विटा मातीहून सरस का ठरतात, ते त्यांच्या मापांवरून कळते. लेगो या डॅनिश विटेचे आजचे रूप १९५८ साली पेटंट झाले. तिच्या पाठीवरील गोल उंचवट्यांना आपण ‘गुंडी’ म्हणू. दोन गुंड्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ८ मिलिमीटर, विटेची उंची ९.६ मिलिमीटर आणि पातळ विटेची ३.२ मिलिमीटर. तीन पातळ विटा म्हणजे एक पूर्ण वीट. आणि पाच पातळ विटांची उंची म्हणजे १६ मिलिमीटर, म्हणजेच बरोबर दोन गुंड्यांची रुंदी. त्यामुळे आडवी बसविलेली वीटही उभ्या रचनेशी मापात जुळते. आठ गुंड्यांच्या अवघ्या सहा एकरंगी विटा ९१,५१,०३,७६५ प्रकारे जोडता येतात, हे गणित प्रसिद्ध आहे. मोजक्या वर्णांतून अगणित शब्द घडविणाऱ्या भाषेशी या विटांचे नाते सांगण्याचा मोह होतो. तो येथे आवरता घेतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा गुण वेगळाच आहे. काढलेली वीट पुन्हा नेमकी त्याच जागी बसते.

मुलांनी पुढे दिवाळीच्या सुट्टीत इंदापुरास प्लायवुडच्या फळीवर विटांची गढी रचली आणि ती मोटारीतून बारामतीस आमच्या घरी आणली. सुमारे ५० किलोमीटरच्या त्या वाटेवर एक बुरूज सुटा झाला. मातीचा असता, तर चित्रण पहिल्यापासून आरंभावे लागले असते. येथे गुंड्या मोजून तो दोन मिनिटांत बसविला.

या अनुभवातून जे शिकलो, ते सांगतो. देखाव्याचा पाया प्रथम टेबलाला आणि टेबल प्रथम भिंतीला पक्के असावे. पातळ पाया बोटाच्या दाबाने वाकतो, म्हणून तो फळीवर दुहेरी चिकटपट्टीने बसवावा आणि फळी शिकंज्याने आवळावी. कॅमेऱ्याकडील चौथी भिंत बांधूच नये. बाजूच्या भिंती अशा असाव्यात, की हात आत जाण्यासाठी त्या उचलता याव्यात. त्याकरिता भिंतीचा तळ सर्व गुंड्यांवर न दाबता दोन-तीन गुंड्यांवरच टेकवावा. उरलेल्या जागी गुळगुळीत फरशी घालावी. भिंत सहज निघते आणि पाया हादरत नाही.

प्रमाणाच्या बाबतीत मात्र मुलांची फसगत झाली. लेगोची बाहुली सुमारे ४ सेंटिमीटर उंच असते. साडेपाच फुटी मनुष्याशी तुलना करता हे प्रमाण १:४१ च्या आसपास येते. त्यानुसार २० फुटांची तटभिंत साधारण १५ सेंटिमीटर, म्हणजे १५-१६ विटांची व्हावी. परंतु बाहुली उंचीच्या मानाने फार रुंद आहे. नुसत्या उंचीवरून काढलेल्या दिंडी दरवाजात मावळा खांद्याने अडकला आणि प्रत्येक चौकटीला दरवाजाच हलू लागला. उंची बाहुलीच्या उंचीवरून घ्यावी, रुंदी तिच्या रुंदीवरून. चार गुंड्यांहून अरुंद दरवाजा करू नये.

याच प्रमाणावरून चालीचाही हिशेब निघतो. सेकंदाला १२ चौकटी धरल्या आणि प्रत्येक चौकटीत बाहुली एक गुंडी पुढे नेली, तर ती सेकंदात ९६ मिलिमीटर जाते. हे अंतर ४१ पट केले की जवळजवळ ४ मीटर होते. ही चाल नव्हे, धाव होय. सामान्य चालीसाठी चौकटीमागे अडीच मिलिमीटरच सरकावयास हवे, म्हणजे एका गुंडीत तीन चौकटी. आणि पेच येथेच आहे. गुंडी बाहुलीला घट्ट धरते, पण ८ मिलिमीटरखाली पाऊल टाकू देत नाही. गुळगुळीत फरशीवर हवे तेवढे सरकता येते, पण बाहुली पडते. दोन गुंड्यांच्या रुंदीवर मधोमध एकच गुंडी असलेली पातळ वीट मिळते. तिने ४ मिलिमीटरचे पाऊल साधते. त्याहून बारीक पावलासाठी फरशी घालून बाहुलीच्या तळव्याला चिकट लांबीचा कण लावावा, हाच उपाय. तो कण कॅमेऱ्याला दिसत नाही.

बुरूज गोल आणि विटा चौकोनी, ही अडचण पायथागोरसाच्या सिद्धान्ताने सुटते. बिजागरीवर फिरणारी भिंत पायाशी तिरकी ठेवली, तर बिजागरीपासून पाच अंतरांवरील तिची गुंडी, पायावरील तीन अंतरे आडव्या आणि चार अंतरे उभ्या गुंडीवर अचूक येते. अंतरे मोजावयाची, गुंड्या नव्हेत. आम्ही गुंड्या मोजल्या आणि एक संध्याकाळ वाया घालविली. अशा तिरक्या भिंतींनी बहुकोनी बुरूज होतो. कॅमेऱ्यातून तो गोलच भासतो.

प्रकाशाविषयी थोडेसे. उन्हात हे काम करूच नये. खिडक्या झाकून दिवा लावला, तरी आमच्याकडे विजेचा दाब संध्याकाळी कमी-जास्त होई आणि गढीवर जणू ढगांची छाया सरके. शेवटी बॅटरीवरील दिवे आणून त्यांपुढे बटरपेपर ताणला. फोनचा कॅमेरा उजेड आणि रंग आपल्या मताने बदलतो, तेव्हा ही दोन्ही मापे कायम करून घ्यावीत. चकचकीत विटांत चित्रकाराचे प्रतिबिंब पडते; यासाठी गडद रंगाचा सदरा घालावा आणि प्रत्येक वेळी एकाच जागी उभे राहावे. थोरल्याचा पिवळा सदरा सतरा चौकटींत बुरुजावर झळकला आहे.

एका मिनिटाच्या चित्राला अशा रीतीने ७२० चौकटी लागतात. एका चौकटीस एक मिनिट धरले, तरी बारा तासांचे काम होते. मुलांना ते तीन दिवस पुरले. रात्री देखावा तसाच ठेवणे भाग होते. खोलीला कडी लावून, पंखा बंद करून, आणि सकाळी पहिली चौकट घेण्यापूर्वी आदल्या रात्रीची शेवटची चौकट पडद्यावर अर्धपारदर्शक ठेवून दोन्ही चित्रे ताडून पाहत असू. दुसऱ्या सकाळी तटाच्या कडेची एक वीट केसभर उचललेली आढळली. धाकट्याने ती बोटाने दाबली आणि कामास प्रारंभ झाला.